बडोदं वसलं कसं? अंकोट्टकापासून महानगरपालिकेपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या जुन्या इतिहासाबद्दल वर्षभर प्रश्न येत असतात. कुणाला मुलाच्या शाळेचा प्रकल्प पुरा करायचा असतो, कुणी लग्न होऊन पुण्याहून इथे आलेली असते, कुणी परदेशात बसून आजोबांच्या रावपुऱ्यातल्या घराचा माग काढत असतं. वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपल्या मराठी मंडळींची गाडी सहसा १८७५ पासून, म्हणजे सयाजीरावांपासून सुटते, फार तर १७३४ पासून, म्हणजे गायकवाडांनी शहर घेतल्यापासून. म्हणून त्याआधीच्या काळाला इथे मुद्दाम ऐसपैस जागा दिली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बडोदं नेमकं किती जुनं? एकच आकडा सांगा.

एकच हवा असेल तर इ. स. ८१२. त्या वर्षीच्या एका ताम्रपटात आजच्या बडोद्याचं गाव नावानिशी येतं (प्रश्न ३). पण दानपत्राने गाव वसत नाही, असलेलं गाव कुणाला तरी दिलं जातं. म्हणजे वस्ती त्याच्याही आधीची. आणि नदीपलीकडचं अकोटा धरलं तर आपण थेट ख्रिस्ती सनाच्या सुरुवातीच्या शतकांपर्यंत मागे जातो (प्रश्न २).

‘शहराचा वाढदिवस कधी?’ असंही बरेचजण विचारतात. गावाचा मुहूर्त कुणी टिपून ठेवलेला नाही. महानगरपालिकेचा मात्र आहे (प्रश्न १५).

२. अकोटा म्हणजे आपलं स्टेडियमवालं अकोटाच ना? तिथे असं काय सापडलं?

हो, तेच. विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरचा हा भाग. त्याचं जुनं नाव अंकोट्टक, आणि एके काळी हेच खरं गाव होतं. बडोदं हे त्याच्या पूर्वेला, नदी ओलांडून असलेलं लहानसं खेडं. आज अकोटा हे बडोद्याचं एक उपनगर आहे. हजार वर्षांपूर्वी नातं नेमकं उलटं होतं.

१९४९ च्या सुमारास इथे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा उजेडात आला. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास केला आणि ‘अकोट्याची ब्राँझं’ हे नाव भारतीय शिल्पाच्या प्रत्येक पुस्तकात जाऊन बसलं. सर्वांत जुन्या मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातल्या, सर्वांत अलीकडच्या अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासच्या. म्हणजे पाच-सहाशे वर्षं लोक तिथे मूर्ती घडवून अर्पण करत होते. इतका काळ टिकणारं देवस्थान चालायला मागे खातं-पितं गाव लागतं, पैसा असलेले व्यापारी लागतात.

त्यातली जीवंतस्वामींची मूर्ती जरूर बघा. जीवंतस्वामी म्हणजे संन्यास घेण्याआधीचे, राजपुत्र असतानाचे महावीर. म्हणून डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आणि तरीही उभं राहणं कायोत्सर्गाचं, हात सरळ खाली सोडलेले. एका मूर्तीवरच्या लेखात ती नागेश्वरी नावाच्या बाईने दिल्याचं कोरलेलं आहे. या परिसरातल्या ज्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, त्यांतलं सर्वांत जुन्यांपैकी एक नाव एका बाईचं आहे, हे मला फार आवडतं. या मूर्ती आता सयाजीबागेतल्या संग्रहालयाच्या ताब्यात आहेत.

मूर्तींच्या जोडीला अकोट्याच्या उत्खननात रोमन घडणीच्या भांड्याची एक धातूची मूठ मिळाली, त्यावर इरॉस या रोमन-ग्रीक प्रेमदेवाची आकृती. भडोच बंदरातून आत येणाऱ्या मालाचा एक रस्ता इथून जात होता, याचा हा पुरावा. ‘छोटंसं खेडं होतं’ म्हणून हा भाग सोडून देणाऱ्यांनी ही मूठ लक्षात ठेवावी.

३. ८१२ च्या ताम्रपटात बडोद्याबद्दल काय लिहिलंय?

लाट देशावर, म्हणजे आजच्या मध्य-दक्षिण गुजरातवर, राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट शाखेतला कर्क सुवर्णवर्ष याने शके ७३४ मध्ये, म्हणजे ८१२ साली, वडपद्रक नावाचं गाव भानू नावाच्या ब्राह्मणाला दान दिलं. हा भानू वलभीहून आलेला होता. गाव ‘अंकोट्टक चौऱ्यांशी’त, म्हणजे अंकोट्टक मुख्य ठाणं असलेल्या चौऱ्यांशी गावांच्या गटात मोडत होतं.

दानपत्रात गावाच्या चतुःसीमा देण्याची पद्धत असे, आजच्या खरेदीखतात देतात तशाच. या पटात वडपद्रकाच्या पश्चिमेला अंकोट्टक आहे. तुम्ही आज दांडिया बाजारच्या पुलावर मावळतीकडे तोंड करून उभे राहिलात तर समोर अकोटाच दिसतं. बाराशे वर्षांत ही एक सीमा जागची हललेली नाही.

मराठी माणसाच्या नजरेने बघितलं तर आणखी एक गंमत दिसते. राष्ट्रकूटांचं मूळ बळ दख्खनेत होतं. म्हणजे घाटाकडच्या सत्तेने बडोद्यातल्या जमिनीची व्यवस्था लावणं ही काही गायकवाडांपासून सुरू झालेली गोष्ट नव्हे.

४. वडोदरा, बडोदा, बरोडा, वीरक्षेत्र, चंदनावती… इतकी नावं का?

काळ बदलला, लिहिणारा बदलला, नाव बदललं. वडपद्रक, वटपद्र ही लेखांतली आणि ग्रंथांतली रूपं. वडाच्या झाडांशी त्यांचा संबंध उघड आहे, आणि सयाजीबागेच्या बाजूला आजही जुने वड उभे आहेत. चंदनावती आणि वीरावती किंवा वीरक्षेत्र ही परंपरेतली नावं. सतराव्या शतकातले गुजराती कवी प्रेमानंद इथलेच, आणि ते आपल्या गावाला ‘वीरक्षेत्र वडोदरा’ म्हणतात. त्याच शतकातले इंग्रज व्यापारी ‘ब्रोडेरा’ लिहीत, त्याचं पुढे बरोडा झालं. मराठीत बडोदं. १९७४ पासून सरकारी नाव वडोदरा. बँकेच्या पाटीवरचं बरोडा मात्र अजून कुणी हलवलेलं नाही.

५. कुमारपाळ राजा आणि फुटाण्यांची गोष्ट बडोद्याची आहे का?

जैन प्रबंधांत, म्हणजे मध्ययुगीन जैन कथाग्रंथांत, ती बडोद्याची म्हणूनच सांगितली आहे. पाटणचा राजा सिद्धराज जयसिंह याचा डोळा चुकवत फिरणारा कुमारपाळ भुकेला होऊन वटपद्रात आला, तेव्हा कटुक नावाच्या वाण्याने त्याला चणे खाऊ घातले. पुढे ११४३ मध्ये कुमारपाळ पाटणच्या गादीवर बसल्यावर त्याने कटुकाला हे गावच देऊन टाकलं.

गोष्ट शब्दशः घडली असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण गोष्ट रचणाऱ्यालाही पटण्यासारखं काही हवं असतं: बाराव्या शतकातलं वटपद्र म्हणजे वाण्याचं दुकान असलेलं, वाटसरूंच्या वाटेवरचं गाव. तेवढं मात्र तिच्यातून निर्धास्तपणे घेता येतं.

६. विश्वामित्री गावातून वाहते, मग जुनं शहर नदीकाठी का नाही?

नकाशा नीट बघितला की हा प्रश्न पडतोच, आणि मला विचाराल तर बडोद्याच्या इतिहासातला हा सर्वांत कामाचा प्रश्न आहे.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. उन्हाळ्यात ती ओढ्याएवढी होते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत अंगावर येते. वळणं फार, उतार कमी, काठाशी दलदल आणि कोतरं, म्हणजे घळी. शिवाय मगरी. त्या आजही भर शहरात आहेत आणि पूर आला की सोसायट्यांच्या आवारात येऊन पडतात. असल्या नदीशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अंतर राखलं. अंकोट्टक उंचवट्यावर वसलं, वडपद्रक पूर्वेला जरा लांब, आणि पुढे कोटही नदीपासून आणखी दूर बांधला गेला (प्रश्न ७). प्यायला तळी, विहिरी आणि वाव, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी. नदी सीमा म्हणून चालत होती, शेजारीण म्हणून नको होती.

२०१९ आणि २०२४ च्या पुरांत ज्या वस्त्या बुडाल्या त्यांचा नकाशा काढा आणि जुन्या कोटाचा नकाशा त्यावर ठेवा. सोळाव्या शतकात जागा निवडणाऱ्याला जे कळत होतं ते आपण विसाव्या शतकात प्लॉट पाडताना विसरलो, इतकंच.

७. जुन्या शहराचा कोट गायकवाडांनी बांधला ना?

नाही. हा गैरसमज फारच पक्का बसलेला आहे.

गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये चांपानेर जिंकलं. त्याचा मुलगा खलीलखान बडोद्याच्या कारभारावर होता आणि हा कोट त्याच्या काळातला, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १५११ मध्ये बाप वारला आणि खलीलखान मुजफ्फरशहा दुसरा या नावाने सुलतान झाला. नव्या वस्तीला त्याने दौलताबाद हे नाव दिलं. ते टिकलं नाही, लोक बडोदंच म्हणत राहिले.

कोट साधारण चौकोनी. चार दिशांना चार दरवाजे, समोरासमोरच्या दरवाजांना जोडणारे दोन सरळ रस्ते, आणि ते एकमेकांना छेदतात तिथे मांडवी. मांडवी म्हणजे जकातीची, मालाच्या मोजदादीची जागा. १६३८ मध्ये इथून गेलेला मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी लिहितो, की नवं ब्रोडेरा हे अर्ध्या कोसावरच्या जुन्या ब्रोडेराच्या पडक्या सामानातून उभं राहिलं. रंगारी आणि सुती कापड विणणारे इथे मोठ्या संख्येने असल्याचंही तो सांगतो. म्हणजे गायकवाड आले तेव्हा त्यांना आखलेले रस्ते, उभा कोट आणि चालू बाजार, सगळं तयार मिळालं.

८. चार दरवाजे कोणते? आणि मधली भिंत गेली कुठे?

पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. दरवाजे आहेत, भिंत जवळजवळ नाही. शहर बाहेर पसरल्यावर ती नुसती अडचण झाली आणि सयाजीराव तिसऱ्यांच्या काळात बरीचशी काढून टाकली गेली. काही घरांच्या मागच्या बाजूला तिचे तुकडे अजून निघतात, पण ते बघायला लोकांच्या न्हाणीघरात डोकवावं लागेल, तेव्हा आग्रह धरू नका.

चालून पाहायचं तर लहरीपुऱ्यातून शिरा, मांडवीखालून सरळ जा आणि पाणीगेटला बाहेर पडा. दुकानं उघडायच्या आधी निघा, नंतर चालणं जमत नाही.

९. मोगलांच्या काळातलं बडोद्यात काही उरलंय का?

हजिरा. प्रतापनगरच्या बाजूला असलेली ही कबर कुतुबुद्दीन मुहम्मदखानाची. अकबराच्या या सरदाराला १५८३ मध्ये गुजरातचा पदच्युत सुलतान मुजफ्फरशहा तिसरा याने बडोद्यात ठार केलं. उंच जोत्यावरची अष्टकोनी इमारत आहे, आणि बडोदेकर तिच्यावरून रोज जातात पण आत जात नाहीत.

१०. गायकवाडांनी बडोदं घेतलं ते १७२१ मध्ये, १७३२ मध्ये की १७३४ मध्ये?

शहर कायमचं हाती आलं ते १७३४ मध्ये. बाकीच्या तारखा खोट्या नाहीत, पण त्या दुसऱ्या गोष्टींच्या आहेत.

सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या हाताखाली दमाजी गायकवाड यांनी १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत नाव काढलं आणि ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळवला. १७२१ मध्ये त्यांच्या पश्चात पुतणे पिलाजीराव पुढे आले. गायकवाड घराण्याची सुरुवात तिथून धरतात, म्हणून १७२१. पिलाजीरावांचा मुक्काम दक्षिण गुजरातेतल्या सोनगडच्या किल्ल्यात, आणि बडोद्यावर त्यांचा हात आधीच पोहोचला होता. १७३१ मध्ये डभोईजवळ बाजीराव पेशव्यांनी त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. त्यात दाभाडे पडले आणि गुजरातेतलं बळ गायकवाडांकडे सरकलं. १७३२ मध्ये जोधपूरच्या अभयसिंहाने डाकोरला पिलाजीरावांचा दगा करून खून करवला आणि बडोदं हातचं गेलं.

१७३४ मध्ये पिलाजीरावांचे भाऊ महादजी यांनी जंबुसरहून येऊन ते परत घेतलं. या कामी पादऱ्याच्या देसायाने त्यांना साथ दिली. ही गोष्ट आपल्याकडे हळूच गाळली जाते. स्थानिक देसाई, पाटील आणि सावकार बाजूला आले म्हणून मराठ्यांचा इथे जम बसला, नुसत्या तलवारीने बसला नाही. तिथपासून १९४९ पर्यंत शहर गायकवाडांकडेच राहिलं.

आणि राजधानी? ती लगेच इथे आली नाही. आधी सोनगड, मग दमाजीराव दुसऱ्यांनी पाटण निवडलं. १७६८ मध्ये ते वारल्यावर, फत्तेसिंहरावांच्या काळात बडोदं राजधानी झालं.

११. रावपुरा, बाबाजीपुरा, फत्तेपुरा, आनंदपुरा ही नावं कुणाची? आणि मराठी वस्ती पश्चिमेलाच का?

कोटाच्या आत गुजराती वस्तीच्या ‘पोळ’ होत्याच: एकच तोंड असलेली गल्ली, रात्री बंद होणारा दरवाजा, आत एका जातीची किंवा धंद्याची घरं. तिथे नव्याने आलेल्या पागा, कारकुनांचे ताफे आणि सरदारांचे चौकाचे वाडे मावणार कुठे? म्हणून लहरीपुरा दरवाजाबाहेर, पश्चिमेला पुरे वसत गेले. रावपुरा हे नाव दिवाण रावजी आप्पाजींचं आणि बाबाजीपुरा त्यांचे भाऊ बाबाजी आप्पाजींचं असं मानतात. फत्तेपुऱ्यात फत्तेसिंहराव, आनंदपुऱ्यात आनंदराव गायकवाड. सलाटवाडा पाथरवटांचा. दांडिया बाजार आणि रावपुरा हे पुढे मराठी बडोद्याचे दोन खांब झाले.

या काळातलं बडोदं डोळ्यांनी बघायचं असेल तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर, लाकडी खांब-तुळयांचं, चार मजली, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. वरच्या दालनात भिंतभर चित्रं: महाभारतातले प्रसंग, कृष्णलीला, मराठी धर्तीच्या पगड्या आणि नऊवारी, आणि मध्येच टोपीवाले गोरे साहेब. रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, राजकारणात वावरलेल्या कारभाऱ्याच्या दिवाणखान्यात साहेब भिंतीवर जाऊन बसावा, हे त्या काळाला धरूनच आहे (प्रश्न १३). खिडक्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्याही चितारलेल्या आहेत, त्या बघायला मान वाकडी करायची तयारी ठेवा.

१२. सुरसागर गायकवाडांनी खोदला का?

तळं त्यांच्याही आधीचं. पूर्वी त्याला चंदन तलाव म्हणत. अठराव्या शतकात सुरेश्वर देसाई यांनी ते दगडी बांधणीत पक्कं केलं, त्यांच्यावरून सुरसागर. नदीचं पाणी नको असलेल्या गावाला (प्रश्न ६) असली तळी म्हणजे गरज होती. आत उभी असलेली शंकराची उंच मूर्ती अगदी अलीकडची.

१३. बडोदं इंग्रजांच्या राज्यात होतं का? मग फत्तेगंजमध्ये कॅम्प कसा?

शहर इंग्रजांच्या राज्यात कधीच नव्हतं. बडोदं हे संस्थान होतं आणि एकवीस तोफांच्या सलामीचं होतं. पण १८०२ मध्ये आनंदराव गायकवाडांच्या वेळी गादीवरून भांडण पेटलं, तेव्हा रावजी आप्पाजींनी कंपनीची मदत घेतली. पगार थकलेले अरब शिबंदीवाले कोट अडवून बसले होते. त्या वर्षाच्या अखेरीला कंपनीच्या फौजेने वेढा घालून त्यांना बाहेर काढलं. मदतीची किंमत म्हणजे तैनाती फौज आणि कायमचा रेसिडेंट. पहिला रेसिडेंट मेजर वॉकर.

फौजेला आणि साहेबाला राहायला शहराच्या उत्तरेला कॅम्प पडला, तोच आजच्या फत्तेगंजच्या बाजूचा भाग. तिथे इंग्रजी अंमल, नाल्याअलीकडे गायकवाडी. एकाच गावात दोन कायदे, आणि त्यातून सुटणारे आणि अडकणारे गुन्हेगार. रेसिडेंट किती भारी पडू शकतो हे १८७५ मध्ये दिसलं: कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग झाल्याच्या आरोपाची चौकशी झाली, चौकशी समितीत एकमत झालं नाही, तरीही मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आलं.

१४. सयाजीरावांनीच बडोदं बांधलं असं म्हणतात. मग त्याआधी काय होतं?

वर दिलेलं सगळं होतं. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६१ मध्ये, रेल्वेही आलेली होती. सयाजीरावांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, पण ‘त्यांच्याआधी जंगल होतं’ हे म्हणणं त्यांनाही आवडलं नसतं.

त्यांनी केलं ते वेगळं आणि मोठं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव २७ मे १८७५ रोजी खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. २८ डिसेंबर १८८१ ला त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले, तोवर दिवाण टी. माधवरावांनी खात्यांची घडी बसवली होती. कमाटीबाग म्हणजे सयाजीबाग १८७९ ची, कॉलेज १८८१ चं, लक्ष्मीविलास १८९० मध्ये पुरा झाला, न्यायमंदिर १८९६ चं. कोटाबाहेरचं सैल, झाडांचं, रुंद रस्त्यांचं शहर हे त्यांचं.

मला विचाराल तर या सगळ्यात राजवाड्याचा नंबर खाली लागतो. वर लागतं ते आजवा. १८८५ ते १८९२ या काळात शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर मातीचं धरण बांधून सयाजी सरोवर तयार केलं, कार्यकारी अभियंता जगन्नाथ सदाशिव. जागा उंचावर असल्याने पाणी पंपाशिवाय, आपसूक उताराने निमेट्यावरून शहरात येत होतं. तेव्हाच्या गावाला किती माणसं होती? १८९१ च्या शिरगणतीत १,१६,४२०. दुष्काळ आणि प्लेगनंतर १९०१ मध्ये ती १,०३,७९० वर आली. गाव पुढे आटलं, पण धरणाचा अंदाज वाढीव वस्तीचा धरलेला होता. म्हणूनच आजही शहराच्या काही भागाला तिथूनच पाणी येतं. आणि पावसाळ्यात आजव्याची पातळी किती फुटांवर गेली हे बडोदेकर क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकांना सांगतात, कारण बासष्ट दरवाजांतून सुटलेलं पाणी शेवटी विश्वामित्रीतच येतं.

१५. बडोद्याला नगरपालिका होती का? महानगरपालिका कधी झाली?

नगरपालिका संस्थानच्या काळापासून होती. झाडलोट, दिवाबत्ती, रस्ते, पाणी ही कामं तिच्याकडे असत. लोकनियुक्त सभासद आले तरी मोठ्या खर्चाला शेवटचा शब्द हुजूर हुकमाचा. तिचं घर मात्र तिला छान मिळालं: कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने सयाजीरावांनी १९०६-०७ मध्ये खंडेराव मार्केट बांधून घेतलं आणि ते नगरपालिकेला दिलं. महानगरपालिकेचं मुख्यालय आजही तिथेच आहे. म्हणून घरपट्टीची तक्रार घेऊन जाणारा माणूस परतताना मागच्या बाजाराची ताजी मेथीही घेऊन येतो.

महानगरपालिका झाली जुलै १९५० मध्ये. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा कायदा आल्यावर पुणे आणि अहमदाबाद यांच्याबरोबरच बडोद्यालाही हा दर्जा मिळाला. सुरत किती जुनं आणि धनाढ्य शहर, त्याला १९६६ पर्यंत थांबावं लागलं. बडोद्याला लवकर मिळण्यामागे राजधानीचं शहर असणं, तयार पाणीपुरवठा आणि चालती नगरपालिका या गोष्टी नक्कीच आल्या. नव्या रचनेत निवडून आलेलं सभागृह आणि महापौर एका बाजूला, सरकारने नेमलेले आयुक्त दुसऱ्या बाजूला. हुजूर गेले आणि आयुक्त आले, असं जुने लोक चेष्टेने म्हणत.

१६. १९४९, १९५०, १९६० या तीन वर्षांत माझा नेहमी गोंधळ होतो.

१ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. जुलै १९५० ला शहराची महानगरपालिका झाली. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग होऊन बडोदं गुजरातेत आलं. पहिली आणि तिसरी तारीख राज्याची, मधली शहराची. म्हणजे बडोद्याची महानगरपालिका ही गुजरात राज्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी.

१७. आमचे पणजोबा ‘बडोद्याच्या नोकरीत’ होते, पण कागदांवर अमरेली लिहिलंय. हे कसं?

बडोदा संस्थान आणि बडोदा शहर यांत फरक करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे प्रांत, शिवाय द्वारकेकडचा ओखामंडळ. मध्ये इतरांची आणि इंग्रजांची हद्द. सरकारी नोकराची बदली यांपैकी कुठेही होई. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोगही १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातच झाला, सगळ्या संस्थानात तो १९०६ मध्ये लागू झाला. तेव्हा तुमचे पणजोबा शाळाखात्यात असतील तर अमरेलीचं नाव येणं अगदी सरळ आहे.

१८. घरात मोडीतले कागद निघालेत. त्यांतून वाड्याचा इतिहास कळेल का?

कळू शकतो, पण अपेक्षा बेताची ठेवा. अशा गाठोड्यांत बहुतेक वेळा नेमणुकीचे हुकूम, कर्जरोखे, वाटणीपत्रं आणि लग्नखर्चाच्या याद्या निघतात. वाड्यासाठी उपयोगी पडतात ती वाटणीपत्रं, कारण त्यांत चतुःसीमा असतात (प्रश्न ३ मधली पद्धत हजार वर्षांनीही तीच). शेजाऱ्यांची नावं, रस्ता कोणत्या बाजूला, विहीर सामाईक की नाही, हे सगळं तिथे मिळतं.

आधी प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. मागच्या बाजूचा शेरा आणि शिक्का सोडू नका, तारीख पुष्कळदा तिथेच असते. गाठोड्यातला क्रम मोडू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, सेलोटेपही लावू नका. मग मोडी वाचणारा माणूस गाठा. संस्थानचं दफ्तर कोठीच्या अभिलेखागारात आहे. तिथे शोध घ्यायचा तर पणजोबांचं पूर्ण नाव, खातं आणि अंदाजे वर्ष एवढं तरी हाताशी हवं. ‘गायकवाडांकडे होते’ एवढ्यावर तिथला कारकून तुम्हाला पाणी देईल, रुमाल (दफ्तराचं गाठोडं) देणार नाही.